काटकसरीचे माप : दीर्घकालीन आजारांतील समन्वित सेवेच्या खर्चमापनाची चिकित्सा

प्रास्ताविक

मधुमेह, उच्च रक्तदाब, हृदयाची दुर्बलता, मूत्रपिंडाचा विकार यांपैकी दोन-तीन आजार एकाच देहात वस्तीला आले की रुग्णाचा संबंध एका डॉक्टरपुरता राहत नाही. हृदयरोगतज्ज्ञ एक औषध सुरू करतो, मूत्रपिंडतज्ज्ञ ते कमी करावयास सांगतो आणि रुग्णालयातून घरी पाठविताना तिसराच कोणी नवी चिठ्ठी लिहून देतो. या सर्वांचा मेळ घालण्याचे काम कोणाचे, या प्रश्नाला दिलेले एक उत्तर म्हणजे ‘समन्वित सेवा’. एखादी परिचारिका, समाजकार्यकर्ता किंवा प्रशिक्षित समन्वयक रुग्णाशी सातत्याने संपर्क ठेवतो. औषधांची पडताळणी, वेळेवर तपासणी, घरी भेट, डॉक्टरांमधील निरोपांची देवाणघेवाण अशी कामे तो पाहतो.

या सेवेचे समर्थन करताना आरंभापासून दोन गोष्टी एका श्वासात सांगितल्या गेल्या. पहिली अशी की, रुग्णाची प्रकृती सुधारेल. दुसरी अशी की, रुग्णालयातील भरती टळल्यामुळे ही सेवा स्वतःचा खर्च स्वतःच भागवील. पहिले विधान वैद्यकीय आहे, दुसरे हिशेबाचे आहे. गेल्या पंचवीस वर्षांत अमेरिकेमध्ये दुसऱ्या विधानाची जितकी कसून परीक्षा झाली तितकी क्वचितच अन्य कोणत्या सेवेची झाली असेल. या परीक्षेत कोणते माप वापरले गेले, ते कोठे अचूक होते आणि कोठे तोकडे पडले, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

एक निबंध आणि त्यातील आकडे

या विषयाला सर्वसामान्य वाचकांपर्यंत नेण्याचे श्रेय शल्यविशारद व लेखक अतुल गवांदे यांच्याकडे जाते. जानेवारी २०११ मध्ये ‘द न्यूयॉर्कर’ या साप्ताहिकात त्यांचा ‘द हॉट स्पॉटर्स’ हा निबंध प्रसिद्ध झाला. न्यू जर्सी राज्यातील कॅम्डेन हे दारिद्र्याने ग्रासलेले शहर. तेथील डॉ. जेफ्री ब्रेनर यांनी रुग्णालयांच्या देयकांची छाननी केली असता असे आढळले की, शहरातील वैद्यकीय सेवा घेणाऱ्या सुमारे एक लाख लोकांपैकी अवघ्या १ टक्का लोकांवर एकूण खर्चाच्या ३० टक्के खर्च होत होता. या लोकांना शोधून काढावे, त्यांच्या घरी जावे, त्यांचे औषध, निवारा, व्यसन, एकाकीपण अशा सर्वच अडचणींना हात घालावा, म्हणजे खर्च आपोआप उतरेल, असा ब्रेनर यांचा विचार होता.

निबंधात पहिल्या ३६ रुग्णांचे आकडे दिलेले आहेत. हे रुग्ण आधी महिन्याला सरासरी ६२ वेळा रुग्णालयात किंवा तातडीच्या विभागात येत असत. कार्यक्रमात आल्यानंतर हे प्रमाण ३७ वर आले. त्यांचे मासिक देयक सरासरी १२ लाख डॉलर होते, ते पाच लाखांच्या थोडे वर आले. म्हणजे ५६ टक्के घट.

येथे गवांदे यांच्यावर अन्याय होऊ नये. या आकड्यांत ब्रेनर यांच्या कर्मचाऱ्यांचे वेतन धरलेले नाही, रुग्ण आता नियमित घेत असलेल्या औषधांची किंमत धरलेली नाही, काही रुग्ण आपोआप सुधारले असतील किंवा मरण पावले असतील आणि त्यामुळेही खर्च कमी दिसत असेल, हे त्यांनी स्वतःच नमूद केले आहे. लेखक म्हणून हा त्यांचा प्रामाणिकपणा आहे. परंतु या शंका नोंदवून झाल्यावर लगेचच निव्वळ बचत थोडी कमी असली तरी ती बहुधा क्रांतिकारकच ठरेल, अशा आशयाचा निर्वाळाही ते देतात. शंका चार आणि त्यांचे वजन शून्य, असा हा हिशेब आहे. शंका नोंदविणे आणि शंकेला किंमत देणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. निबंधाची कथनशैली इतकी प्रभावी आहे की वाचकाच्या लक्षात ५६ टक्के राहतात, चार शंका राहत नाहीत. पुढील काही वर्षांत अमेरिकेतील अनेक शहरांनी याच धर्तीचे कार्यक्रम उभारले आणि २०१३ मध्ये ब्रेनर यांना मॅकआर्थर पाठ्यवृत्तीचा सन्मान लाभला.

तुलनेचा प्रश्न

कॅम्डेनच्या संस्थेने यानंतर जे केले ते अधिक मोलाचे होते. आपल्या कार्यक्रमाची यादृच्छिक पद्धतीने परीक्षा व्हावी यासाठी ती स्वतःहून तयार झाली. अर्थतज्ज्ञ एमी फिंकेलस्टीन आणि त्यांचे सहकारी यांनी २०१४ ते २०१७ या काळात ८०० रुग्णांवर हा अभ्यास केला आणि जानेवारी २०२० मध्ये तो ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये प्रसिद्ध झाला. रुग्णालयात दाखल असलेल्या, वारंवार भरती होणाऱ्या आणि एकाहून अधिक दीर्घकालीन आजार असणाऱ्या रुग्णांपैकी निम्म्यांना चिठ्ठी टाकल्याप्रमाणे कार्यक्रमात घेतले, निम्म्यांना नेहमीचीच सेवा मिळाली. घरी गेल्यापासून १८० दिवसांत पुन्हा भरती होण्याचे प्रमाण कार्यक्रमातील गटात ६२.३ टक्के आणि दुसऱ्या गटात ६१.७ टक्के निघाले. फरक जवळजवळ नाहीच.

या शोधनिबंधातील सर्वांत बोधप्रद भाग मात्र वेगळाच आहे. केवळ कार्यक्रमातील रुग्णांचे आधीचे सहा महिने आणि नंतरचे सहा महिने ताडून पाहिले असते, तर भरतीच्या प्रमाणात ३८ टक्के अंकांची घट दिसली असती. परंतु तशीच घट कार्यक्रमात नसलेल्या रुग्णांतही झाली होती. याचे कारण अवघड नाही. एखाद्याची निवडच मुळी त्याच्या सर्वांत वाईट काळात केली, तर पुढील काळ बहुधा त्याहून बरा असतो. तापाच्या कळसावर असलेल्या माणसाला कोणतेही औषध दिले तरी दुसऱ्या दिवशी ताप थोडा उतरलेला असतो आणि श्रेय औषधाला मिळते. संख्याशास्त्रात यास सरासरीकडे परतणे असे म्हणतात. ‘आधी आणि नंतर’ या तुलनेवर उभारलेले बचतीचे दावे या एका प्रयोगाने निकालात काढले, असे म्हणण्यास हरकत नाही.

तथापि या अभ्यासाची समीक्षाही त्याच काटेकोरपणे व्हावयास हवी. दोन गटांतील फरकाची विश्वास-मर्यादा जवळपास ६ टक्के अंकांच्या घटीपासून साडेसात टक्के अंकांच्या वाढीपर्यंत पसरलेली आहे. म्हणजे फार मोठा लाभ नाही हे सिद्ध झाले. माफक लाभ असू शकतो किंवा नाही, हे ८०० रुग्णांवरून सांगता येत नाही. शिवाय घरी गेल्यावर लगोलग घरभेट आणि आठवड्याच्या आत डॉक्टरांची भेट हे जे कार्यक्रमाचे स्वतःचे उद्दिष्ट होते, ते बहुसंख्य रुग्णांच्या बाबतीत ठरल्या मुदतीत साधले गेले नाही. ज्याला घर नाही त्याच्या घरी भेट कशी द्यावयाची? ज्या शहरात डॉक्टरची वेळच मिळत नाही तेथे समन्वयकाने समन्वय कशाचा करावयाचा? जोडणारा दोरा बळकट असून भागत नाही. जोडावयाचे मणीही असावे लागतात. हे अपयश समन्वयाचे की समन्वयाच्या पलीकडील अभावाचे, हे भरतीच्या टक्केवारीतून कळत नाही.

विसरलेले पंधरा प्रयोग

खरे तर यातील पुष्कळसे आधीच ठाऊक होते. अमेरिकेत ज्येष्ठ नागरिकांसाठी असलेल्या ‘मेडिकेअर’ या शासकीय विमा योजनेने १९९७ च्या संतुलित अर्थसंकल्प कायद्यान्वये समन्वित सेवेचे प्रात्यक्षिक हाती घेतले आणि २००२ मध्ये त्यासाठी १५ कार्यक्रम निवडले. प्रत्येक कार्यक्रमात रुग्णांची विभागणी यादृच्छिक होती आणि रुग्णामागे ठरावीक मासिक शुल्क दिले जात होते. डेबोरा पाइक्स व सहकाऱ्यांनी १८,३०९ लाभार्थींच्या आधारे केलेले मूल्यमापन २००९ मध्ये अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात आले. १५ पैकी १३ कार्यक्रमांत रुग्णालयातील भरतीवर लक्षणीय परिणाम आढळला नाही. एकात ती १७ टक्क्यांनी घटली, तर एकात १९ टक्क्यांनी वाढली. शुल्क धरून निव्वळ बचत एकाही कार्यक्रमाने केली नाही. हे सर्व गवांदे यांच्या निबंधाच्या दोन वर्षे आधी छापून आले होते. एका शहराची कथा पंधरा प्रयोगांच्या तक्त्यावर मात करते, हा अनुभव केवळ अमेरिकेचा नाही.

परंतु या तक्त्याचे वाचनही सरधोपट झाले. ‘बचत नाही’ या दोन शब्दांत निकाल लागला. प्रत्यक्षात तीन कार्यक्रमांत शुल्क वगळता मासिक खर्च ९ ते १४ टक्के कमी दिसला होता, जरी संख्याशास्त्रीय खात्री तिन्ही ठिकाणी सारखी नव्हती, आणि त्यांपैकी दोन कार्यक्रमांत ही घट शुल्काइतकी होती. म्हणजे तेथे सेवा फुकटात पडली. मूळ कायद्यात खर्च न वाढता गुणवत्ता व समाधान वाढत असेल तर कार्यक्रम चालू ठेवण्याची वाट मोकळी होती. चर्चेत मात्र कसोटी एकच राहिली, पैसे वाचले काय? पुढे २०१२ मध्ये रँडल ब्राऊन व सहकाऱ्यांनी अधिक जोखमीच्या रुग्णांपुरते विश्लेषण केले असता ११ पैकी ४ कार्यक्रमांत भरती ८ ते ३३ टक्क्यांनी कमी झाल्याचे दिसून आले. या कार्यक्रमांत समन्वयक रुग्णांना वारंवार समक्ष भेटत होते आणि डॉक्टरांशीही त्यांचा प्रत्यक्ष परिचय होता. केवळ दूरध्वनीवरून चालविलेल्या समन्वयाची फलश्रुती वेगळी असणारच. ‘समन्वित सेवा’ हे एकच नाव अनेक भिन्न वस्तूंना दिले गेल्यामुळे त्यांची सरासरी काढणे हेच मुळात संशयास्पद ठरते.

येथे एक विषमताही नजरेआड करता येत नाही. नवे औषध बाजारात येते तेव्हा ते रुग्णास किती बरे करते हे विचारले जाते, फार तर त्या मानाने किंमत वाजवी आहे काय हे विचारले जाते. औषधाने स्वतःची किंमत वसूल करून द्यावी अशी अट कोणी घालत नाही. गुडघ्याच्या शस्त्रक्रियेलाही ही अट नाही. परिचारिकेच्या घरभेटीला मात्र ती आहे. याचा दोष केवळ लेखापालांचा नव्हे. समर्थकांनीच बचतीचे आश्वासन देऊन ही सेवा विकली, आणि ज्या मापाने माल विकला त्याच मापाने तो परत मोजला गेला.

मृत्यू स्वस्त पडतो तेव्हा

पंधरा कार्यक्रमांपैकी पेन्सिल्व्हेनिया राज्यातील डॉइल्सटाऊन येथील ‘हेल्थ क्वालिटी पार्टनर्स’ हा एक. तेथे परिचारिका वर्षानुवर्षे त्याच रुग्णांना भेटत राहिल्या. केनेथ कोबर्न व सहकाऱ्यांनी १,७३६ वृद्धांचा सरासरी चार वर्षांहून अधिक काळ मागोवा घेऊन २०१२ मध्ये निष्कर्ष मांडले. परिचारिकांच्या गटात मृत्यूची सापेक्ष जोखीम सुमारे २५ टक्क्यांनी कमी होती.

आता खर्चमापनाच्या दृष्टीने या माहितीचे काय होते ते पाहण्यासारखे आहे. विमा योजनेच्या वहीत खर्च हा रुग्ण जिवंत असलेल्या महिन्यांवर मोजला जातो. जो मरण पावला त्याचे पान तेथेच मिटते. जो अतिशय आजारी असूनही जगला, त्याची औषधे, तपासण्या आणि पुढची भरती यांची नोंद चालूच राहते. परिणामी जो गट अधिक जगतो त्यात अधिक आजारी माणसे शिल्लक राहतात आणि त्याचा सरासरी मासिक खर्च वर सरकतो. याउलट ज्या गटातील दुर्बल माणसे लवकर गेली तो गट काटकसरी दिसतो. यशालाच दंड ठोठावणारे हे माप आहे. आयुष्याची वाढलेली वर्षे एका स्तंभात आणि वाढलेला खर्च दुसऱ्या स्तंभात लिहून दोन्हींचे गुणोत्तर मांडण्याची रीत आरोग्य-अर्थशास्त्रात जुनीच आहे. बचतीच्या एकाच स्तंभावर निर्णय घेण्याचा हट्ट धरला की ती रीत निरुपयोगी ठरते.

खर्च कोणाच्या खिशातील?

वरील सर्व अभ्यासांत ‘खर्च’ या शब्दाचा अर्थ एकच आहे: पैसे देणाऱ्या योजनेने किंवा रुग्णालयाच्या देयकात नोंदलेली रक्कम. समन्वयाचे शुल्क हेही वाटाघाटीने ठरलेली किंमत होती. परिचारिकेचा तासभर वेळ, तिचा प्रवास, तिने दूरध्वनीवर घालविलेली मिनिटे यांचा प्रत्यक्ष खर्च त्याहून कमी की अधिक, हे शुल्कावरून कळत नाही. रॉबर्ट कॅप्लन व मायकेल पोर्टर यांनी २०११ मध्ये आरोग्यसेवेतील प्रत्येक टप्प्याचा वेळ मोजून त्यावरून खर्च काढण्याची पद्धत आग्रहाने मांडली ती याच कारणासाठी. समन्वय म्हणजे जवळजवळ संपूर्णपणे मनुष्यवेळ. त्यास ही पद्धत विशेष लागू पडते.

याहून मोठी त्रुटी रुग्णाच्या बाजूची आहे. खर्च-परिणामकारकतेच्या अभ्यासासाठी अमेरिकेतील तज्ज्ञ-मंडळाने १९९६ मध्येच समाजाच्या दृष्टिकोनातून हिशेब मांडण्याची शिफारस केली होती. दुसऱ्या मंडळाने २०१६ मध्ये आरोग्यव्यवस्थेचा आणि समाजाचा असे दोन्ही हिशेब शेजारी-शेजारी ठेवावेत, आणि रुग्णाचा वेळ, कुटुंबीयांची शुश्रूषा, बुडालेले काम यांची यादी द्यावी, असे सुचविले. ही अपेक्षा बाहेरून लादलेली नाही. ती शास्त्राची स्वतःचीच आहे. तरीही समन्वित सेवेच्या प्रमुख मूल्यमापनांत कुटुंबाचा स्तंभ रिकामा आहे.

गवांदे यांच्याच दुसऱ्या पुस्तकाकडे या ठिकाणी लक्ष वेधावेसे वाटते. ‘बीइंग मॉर्टल’ (२०१४) मध्ये त्यांनी आपले आजोबा सीताराम गवांदे यांचे चित्र रेखाटले आहे. विदर्भातील उटी या गावी, वयाची शंभरी ओलांडल्यावरही ते घरच्यांच्या आधारावर आपल्या इच्छेप्रमाणे जगत होते. ज्या प्रकारचा आधार अमेरिकेत पगारी सेवेतून उभा करावा लागतो तो तेथे एकत्र कुटुंबाने दिला. या व्यवस्थेची किंमत तरुण पिढीला, विशेषतः घरातील स्त्रियांना, मोजावी लागते याची जाणीव गवांदे यांना आहे आणि त्यांनी तिचे उदात्तीकरण केलेले नाही. खर्चमापकाने या प्रकरणातून घ्यावयाचा धडा सरळ आहे: ज्या सेवेचे देयक निघत नाही तिचा खर्च शून्य नसतो.

मात्र हा स्तंभ भरला की समन्वित सेवेची बाजू आपोआप बळकट होईल, असेही गृहीत धरता कामा नये. हृदयाच्या दुर्बलतेच्या रुग्णाने रोज वजन करावे, नोंद ठेवावी, मीठ मोजावे. मधुमेह्याच्या सुनेने किंवा मुलीने सुईचा आणि साखरेचा हिशेब सांभाळावा. ही सर्व कामे समन्वयक घरावर सोपवीत असतो. रुग्णालयाचा खर्च कमी होऊन घराचे श्रम वाढले असतील, तर ती बचत नव्हे. तो ओझ्याचा खांदेपालट आहे. मोजल्याखेरीज यातील काय घडते हे कोणालाच सांगता येणार नाही.

महाराष्ट्रासंदर्भात

मेडिकेअरकडे निदान एक वही आहे. रुग्णाची बहुतेक देयके एका ठिकाणी येतात, म्हणूनच १८,३०९ लोकांचा हिशेब लागू शकला. भारतात राष्ट्रीय आरोग्य लेख्यांनुसार २०२१-२२ मध्ये एकूण आरोग्यखर्चापैकी ३९.४ टक्के वाटा लोकांच्या खिशातून गेला. हे प्रमाण २०१३-१४ मध्ये ६४.२ टक्के होते. घट झालेली असली तरी हा पैसा औषधांचे दुकान, प्रयोगशाळा, खासगी दवाखाना असा विखुरलेला जातो आणि त्याची नोंद रुग्णाच्या पिशवीतील फाइलीपलीकडे कोठेच नसते. शासकीय योजनांचा भर रुग्णालयातील उपचारांवर आहे. २०१२ मध्ये राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना म्हणून आरंभ झालेली आणि पुढे महात्मा जोतीराव फुले यांचे नाव लाभलेली राज्याची योजना असो, किंवा २०१८ ची प्रधानमंत्री जनआरोग्य योजना असो, रोजच्या गोळ्या, दरमहाची तपासणी आणि तालुक्याच्या गावी जाण्याचे एस.टी. भाडे त्यांच्या हिशेबात प्रायः येत नाही.

अमेरिकन माप येथे जसेच्या तसे आणले तर काय होईल, याची कल्पना करणे कठीण नाही. समन्वयकामुळे एखाद्या शेतमजुराच्या चार खेपा दोनवर आल्या, दोन दिवसांची मजुरी वाचली, तीच तपासणी दोनदा करण्याचा भुर्दंड टळला, तरी योजनेच्या दाव्यांत एक रुपयाही वाचलेला दिसणार नाही. उलट, दुर्लक्षित राहिलेला आजार समन्वयकाने वेळेवर हेरला आणि रुग्णास शस्त्रक्रियेसाठी पाठविले, तर योजनेचा खर्च वाढलेलाच दिसेल. ज्या समाजात सेवेचा अतिवापर हा मुख्य रोग नसून तिचा अभाव हा रोग आहे, तेथे भरती कमी होणे हे यशाचे लक्षण मानावे काय, हा प्रश्न मूल्यमापनाची रचना करण्यापूर्वीच सोडवावा लागेल.

भारत व पाकिस्तानातील दहा दवाखान्यांत १,१४६ मधुमेही रुग्णांवर झालेला आणि २०१६ मध्ये ‘अ‍ॅनल्स ऑफ इंटर्नल मेडिसिन’मध्ये प्रसिद्ध झालेला ‘कार्स’ हा यादृच्छिक प्रयोग या दृष्टीने निराळा आहे. डॉक्टर नसलेला समन्वयक आणि संगणकीय नोंदींवर आधारित सल्ला अशी जोड तेथे देण्यात आली. साखर आणि तिच्या जोडीला रक्तदाब किंवा कोलेस्टेरॉल अशी उद्दिष्टे एकत्र गाठणाऱ्यांचे प्रमाण समन्वयाच्या गटात १८.२ टक्के, तर नेहमीच्या सेवेत ८.१ टक्के आढळले. येथे पहिला प्रश्न प्रकृतीचा विचारला गेला, खर्चाचा नंतर. प्रमाण दुपटीहून अधिक झाले ही जमेची बाजू. दर शंभरांतील ऐंशीहून अधिक रुग्ण तरीही उद्दिष्टाबाहेरच राहिले, ही दुसरी. हे दवाखाने असे होते की जेथे रुग्ण आधीच पोहोचलेला होता. जो पोहोचतच नाही, त्याच्यापर्यंत समन्वयक पाठविण्याचा खर्च किती आणि तो कोणत्या वहीत लिहावयाचा, याचा हिशेब या आकड्यांत नाही.